तिरुवैयारूची आराधना: आत्यासोबत कावेरीकाठी

पौष वद्य पंचमी. आपल्याकडे या तिथीकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही, पण तमिळनाडूत तंजावरपासून १३ किलोमीटरवर तिरुवैयारू नावाचं छोटं गाव आहे, तिथं या दिवशी सकाळी शेकडो गायक-वादक कावेरीच्या काठी मांडी घालून बसतात आणि सगळे मिळून कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांच्या पाच कृती, म्हणजे रचना गातात, त्यांनाच पंचरत्न म्हणतात. ६ जानेवारी १८४७ ला संत त्यागराज गेले, ती ही तिथी, आणि त्यांच्या आठवणीतला हा उत्सव म्हणजे आराधना. आधीचे चार दिवस तिथं सकाळपासून रात्रीपर्यंत गाणं चालू असतं, प्रवेश सगळ्यांना खुला आणि गाणारे-वाजवणारे मानधन घेत नाहीत.

आमची आत्या मिरजेत बायकांचं भजनी मंडळ चालवते, पेटी छान वाजवते, आयुष्यभर हिंदुस्तानी ऐकलंय. तिनं कधीतरी टीव्हीवर हे पंचरत्न बघितलं आणि मनात पक्कं केलं की एकदा तिथं जायचं. मी म्हटलं, आत्या, जाऊया की ऐकायला, तर म्हणाली, "ऐकायला नाही गं, म्हणायला जायचंय मला." आणि दिवाळीपासून देवनागरीत लिहिलेले शब्द समोर ठेवून, मोबाईलवर लावून लावून, रोज पहाटे तिचा रियाझ सुरू झाला. पाचातल्या दोन कृती तिनं पाठ केल्या, पहिली नाट रागातली आणि शेवटची श्री रागातली. मधल्या तीन नुसत्या ऐकून ठेवल्या होत्या.

प्रतिपदा

चेन्नईपर्यंत कसं पोचलो ते सांगत बसत नाही. एग्मोर स्टेशनवरून रात्री उळवन एक्स्प्रेस निघते, ती पहाटे तंजावरला सोडते. तांबरम गेलं तसं मी आत्याला म्हटलं झोप आता, तर ती खिडकीला चिकटून बसलेली. म्हणाली, सिंगपेरुमाळ कोईल यायचंय अजून. तेव्हा माझ्या लक्षात आलं. १९३७ साली किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब पाँडिचेरीला निघाले होते, वाटेत अस्वस्थ वाटायला लागलं म्हणून या छोट्या स्टेशनवर उतरले आणि तिथंच प्लॅटफॉर्मवर गेले. शेवटी दरबारीत अल्लाचं नाव घेतलं असं सांगतात. तिथून त्यांना मिरजेला आणलं, आणि आमच्याकडे मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या आठवणीत दरवर्षी गाणं होतं, ते ऐकत आम्ही मोठे झालो. गाडी तिथं थांबलीच नाही, पिवळी पाटी झर्रकन गेली, आत्यानं हात जोडले. आणि खाँसाहेबांनी त्यागराजांची खरहरप्रिया रागातली कृती रेकॉर्ड केलेली आहे, हे तिनंच मला सांगितलं. म्हणजे आम्ही निघालो होतो त्या रस्त्यानं मिरजेचा माणूस आधीच जाऊन आलेला.

तंजावरला खोली घेतली, अंघोळी करून बृहदीश्वराला. १०१० सालचं देऊळ, राजराज चोळानं बांधलेलं, शिखर साठ मीटरच्या वर. त्याबद्दल सगळ्यांनी लिहिलंय म्हणून मी फक्त मराठी शिलालेखाचं सांगते. आवाराच्या भिंतीवर मोठमोठ्या दगडांवर देवनागरीत ओळीच्या ओळी कोरल्यात, सरफोजी दुसरे यांच्या आज्ञेनं १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे तो. तमिळ शिलालेखांच्या गर्दीत अचानक आपली अक्षरं दिसतात आणि पाय थबकतात. भाषा दोनशे वर्षांपूर्वीची, वाचायला वेळ लागतो, पण नावं सगळी ओळखीची. आत्या एकेका ओळीवर बोट न लावता हवेतच बोट फिरवत वाचत होती, आणि दोन तमिळ शाळकरी पोरं थांबून आमच्याकडे बघत होती की या बायका हे वाचू शकतात.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतलं आणि तेव्हापासून १८५५ पर्यंत इथं मराठ्यांची गादी होती. त्यागराजांचा जन्म १७६७ चा, म्हणजे त्यांचं सगळं आयुष्य मराठी राज्याच्या मुलखात गेलं. हे मला माहीत होतं तसं, पण तिथं उभं राहिल्याशिवाय डोक्यात नीट बसलं नव्हतं.

संध्याकाळी बसनं तिरुवैयारूला. या तेवढ्याशा रस्त्यात पाच पूल लागतात, वडवारू, वेण्णारू, वेट्टारू, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. दोन्हीकडे भात, काही हिरवं, काही पिकून पिवळं झालेलं. मेट्टूर धरणाचं पाणी साधारण जानेवारीअखेरपर्यंत सोडतात त्यामुळे नद्यांना पाणी होतं. उद्घाटन नादस्वरमनं, म्हणजे तिकडच्या लांब सनईनं झालं, सोबत तविल हा ढोल. नादस्वरम माइकशिवाय मैलभर जाईल इतकं ताकदीचं असतं, त्याला माइक लावल्यावर काय होतं ते कानांनाच विचारा. भाषणं खूप लांबली, सत्कार, शाली, परत भाषणं. मला वाटतं अशा ठिकाणी पहिल्या दिवशीही थेट गाण्यालाच बसावं. पण लोक शांत बसून होते, लहान मुलं मांडीवर झोपलेली, आणि शेवटी गाणं सुरू झालं तेव्हा मांडवातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाचा उजवा हात मांडीवर हलायला लागला.

द्वितीया

तो हात म्हणजे ताल. दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळपासून मांडवातच बसलो आणि मी गाण्याइतकेच लोकांचे हात बघितले. आदिताल आठ मात्रांचा, एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, मग टाळी आणि हात उलटा, परत टाळी आणि हात उलटा. शेजारी पांढरी लुंगी नेसलेले आजोबा, त्यांच्यापुढे कॉलेजच्या पोरी, त्यांच्या बाजूला एक पोलीसकाका उभे, सगळ्यांची बोटं एकाच मात्रेवर. आपल्याकडे ठेका तबलजी धरतो आणि आपण समेला मान हलवतो, इथं श्रोता पूर्ण आवर्तन स्वतः सांभाळतो. गाणाऱ्यानं काय धाडस केलं ते त्याला स्वतःच्या बोटांवर कळतं. तासाभरात आत्याचा हातही चालू झाला.

एकेकाला मिळणारा वेळ अगदी थोडा, पंधरा-वीस मिनिटांचा. शेजारी-शेजारी दोन मंच असतात, एकावर गाणं चालू असताना दुसऱ्यावर पुढची मंडळी तंबोरा, व्हायोलिन, मृदंगम् लावून तयार, त्यामुळे मधे खंड पडत नाही. आणि क्रम असा की आत्ता ज्याच्या नावावर चेन्नईचे हॉल भरतात असा गायक गाऊन उठला आणि लगेच दुसऱ्या मंचावर कुठल्यातरी तालुक्याच्या गावातल्या सात-आठ मुली एका बाईंच्या मागे बसून गायला लागल्या. त्या मुलींनाही तितकाच वेळ, तोच माइक, तेच श्रोते. मोठ्या कलाकारालासुद्धा त्या एवढ्याशा वेळात आलाप पसरून बसता येत नाही. एक कृती, थोडे स्वर, नमस्कार, खाली. मला हे इतकं आवडलं की काय सांगू. इथं सगळे हजेरी लावायला येतात. आमच्या दर्ग्यात पण जुने लोक हाच शब्द वापरतात, अमक्यानं हजेरी लावली.

दिवसभरात आम्ही किती ऐकलं याचा हिशोब नाही. वीणा ऐकली, बासरी ऐकली, घटम् म्हणजे मातीचा घडा ऐकला, एका अंध गायकांचं तोडी ऐकलं आणि आत्या पदर डोळ्याला लावून बसली. कर्नाटक संगीतातला तोडी म्हणजे आपल्या भैरवीच्या थाटाचे स्वर, आपला तोडी नाही, हे ज्यांना माहीत नाही त्यांनी आधी थोडं ऐकून जावं, नाहीतर नावानं फसायला होतं.

गाव तसं अगदी लहान. दोन-तीन रस्ते, देऊळ, नदी, सरकारी संगीत महाविद्यालय आणि खायला अशोका हलवा. हा हलवा या गावाची खासियत आहे, मूगडाळीचा, तुपानं थबथबलेला, केशरी. केळीच्या पानाच्या तुकड्यावर गरम गरम देतात. त्यानंतर फिल्टर कॉफी घेतली की परत तीन तास बसायची ताकद येते.

तृतीया

मिरजेची माणसं असल्यामुळे वाद्य बनवणाऱ्यांकडे गेल्याशिवाय राहवणार नव्हतं. म्हणून सकाळी तंजावरातच थांबलो आणि वीणेवाल्यांकडे गेलो. तंजावर वीणा फणसाच्या लाकडाची, त्यातही पन्रुटीकडचा फणस चांगला मानतात. सगळ्यात भारी ती एकांड वीणा, एकाच ओंडक्यातून कोरून काढलेली, कुठे जोड नाही. टोकाला याळीचं, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याचं तोंड. चोवीस पडदे मेणात बसवलेले असतात, काळ्या मेणात, आणि ते बसवणं हा सगळ्यात नाजूक भाग, कारागीर एकेक पडदा कानानं ऐकून केसभर इकडे-तिकडे सरकवत होता. तार छेडायची, कान द्यायचा, परत सरकवायचा.

आमच्याकडे सतारीला पडदे दोऱ्यानं बांधतात, रागाप्रमाणे सरकवता येतात. वीणेचे एकदा मेणात बसले की बसले. मग गमक, म्हणजे स्वरांचं आंदोलन, सगळं तार ओढून काढायचं. मी त्या कारागिरांना मोबाईलमधले मिरजेच्या सतारमेकर गल्लीचे फोटो दाखवले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे वाळवून टांगलेले असतात ते फोटो बघून त्यांनी दुकानातल्या सगळ्यांना बोलावलं. आमच्याकडे तमिळ नाही, त्यांच्याकडे हिंदी नाही, पण भोपळा कसा कापता, आत काय लावता, लाकूड किती वर्षं मुरवता, हे सगळं हातवाऱ्यांनी बरोबर कळत होतं. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तंजावर वीणेला त्याच्या आधीच मिळालेलं. दोन्हीकडची अडचण एकच, पुढची पोरं या कामात यायला तयार नाहीत. हे सांगताना मात्र त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आमच्या गल्लीत पण बघितलंय.

दुपारनंतर परत मांडवात. त्या दिवशीचं विशेष काही लिहीत नाही, गर्दी वाढत चालली होती एवढंच.

चतुर्थी

संकष्टी. आत्याचा कडक उपवास, माझा केळी आणि दुधावर. गर्दी व्हायच्या आत समाधीचं दर्शन घ्यायचं म्हणून पहिल्या बसनं गेलो.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. त्यागराजांच्या समाधीजवळ त्यांच्याकडे तोंड करून एका बाईंची मूर्ती बसलेली आहे, हात जोडून. बंगळूर नागरत्नम्मा. आलेल्यांपैकी बरेच जण घाईत पुढे निघून जातात, पण खरं म्हणजे आधी तिथं थांबायला पाहिजे. १८७८ चा जन्म, देवदासी घराणं, मोठी गायिका, कमाईही मोठी. त्यांचे गुरू म्हैसूरचे बिडारम कृष्णप्पा, त्यांनी पत्रानं कळवलं की त्यागराजांच्या समाधीची दुरवस्था झालीय. ते वाचून या बाई तिरुवैयारूला आल्या, स्वतःचे दागिने आणि साठवलेला पैसा घातला, जागेची व्यवस्था लावली आणि १९२० च्या दशकात तिथं मंदिर उभं केलं.

आणि ज्यांनी मंदिर उभं केलं त्यांनाच तिथं गायला मनाई. आराधना तेव्हा गटांमध्ये वाटली गेली होती, मोठा पक्ष आणि छोटा पक्ष, आणि दोघांचाही नियम की बायकांनी गायचं नाही. नादस्वरमवाल्यांनासुद्धा मानाची जागा नव्हती. नागरत्नम्मा भांडल्या, आणि दार उघडलं नाही तेव्हा त्यांनी बायकांचा वेगळा गट करून समाधीच्या मागच्या बाजूला स्वतःची आराधना सुरू केली. हे दहा-बारा वर्षं चाललं. १९४० च्या सुमारास सगळे पक्ष एकत्र आले, बायका गायला लागल्या, आणि सगळ्यांनी मिळून पंचरत्न गायची पद्धत त्याच वेळची आहे. म्हणजे जे बघायला आता लोक लांबून येतात, आकाशवाणी थेट प्रक्षेपण करते, ते पूर्वापार वगैरे चालत आलेलं नाही. ते एका बाईच्या चिवटपणातून घडलंय. १९५२ मध्ये त्या गेल्या, आणि त्यांना तिथंच जागा मिळाली.

आत्यानं फुलं दोन भागांत आणली होती. अर्धी त्यागराजांना, अर्धी नागरत्नम्मांना. तिथं ती बराच वेळ उभी राहिली. नंतर चालताना म्हणाली, "आमच्या मंडळाला पण देवळाच्या गाभाऱ्यासमोर बसू देत नव्हते गं आधी, ओसरीत बसायचो आम्ही." हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी त्या मंडळात टाळ वाजवलाय आणि मला माहीत नव्हतं.

मग ऐयारप्परचं देऊळ. मोठं, जुनं, शिवाचं, आवारं एकातून एक निघत जातात, आणि एका कोपऱ्यात हाक मारली की प्रतिध्वनी परत परत येतो. पोरं ओरडत होती, आत्यानं मात्र हळूच सा लावला. भिंतीनं तो परत दिला.

त्यागराजांचं घर तिरुमंजन वीथी नावाच्या गल्लीत होतं, तिथं आता स्मारक आहे. तिथं उभं राहिल्यावर जो तो एक गोष्ट सांगतो, की सरफोजी राजांनी भेटी पाठवून दरबारात बोलावलं, तर त्यागराजांनी नकार दिला आणि धनात सुख आहे की रामाच्या जवळ आहे, असं विचारणारी कृती कल्याणीत रचली. ते उंछवृत्तीवर जगत, म्हणजे भजन म्हणत गल्लीतून फिरायचं आणि मिळतील ते तांदूळ घ्यायचे, आपल्याकडची माधुकरीच. पण मला सरफोजींची बाजू पण मांडाविशी वाटते. वाद्यवृंद, नृत्य, ग्रंथ, पाश्चात्य बँडसुद्धा, या सगळ्याला आश्रय देणारा हा राजा. आज भरतनाट्यमचा जो मार्ग, म्हणजे सादरीकरणाचा क्रम शिकवतात तो बसवणारे चार भाऊ, तंजावर चतुष्टय, त्यांच्याच दरबारात होते. त्यागराजांनी दरबार नाकारला म्हणून राजा लहान होत नाही. कलेची कदर असणारा राजा आणि राजाची गरज नसणारा गवई एकाच वेळी एकाच मुलखात होते, म्हणून तर इतकं काही घडलं इथं.

रात्री नऊच्या सुमारास चंद्र उगवला. आम्ही घाटावर जाऊन अर्घ्य दिलं, मागे मांडवात कुणीतरी कांबोजी राग गात होतं, आवाज लाउडस्पीकरवरून पाण्यावर येत होता. उपवास इडलीवर सोडला.

पंचमी

पहाटे तीनला उठलो. तंजावरच्या बसस्टँडवर इतक्या लवकर पण रेशमी साड्या आणि गजऱ्यांची गर्दी, व्हायोलिनच्या पेट्या, मृदंगम् पिशवीत गुंडाळून पाठीला लावलेली मुलं. आत्यानं हिरवं इरकल नेसलं होतं आणि नथ घातली होती. बसमध्ये सगळ्या बायका वळून वळून बघत होत्या, शेवटी एकीनं विचारलंच, महाराष्ट्रा? मग कुणीतरी उठून आत्याला बसायला जागा दिली.

सकाळी त्यागराजांच्या घरापासून समाधीपर्यंत उंछवृत्तीची मिरवणूक निघते. पुढे नादस्वरम, मागे भजन म्हणत मंडळी, लोक दारातून तांदूळ घालतात. आम्ही त्यात थोडं चाललो आणि मग जागा मिळणार नाही म्हणून पळत मांडवात. समाधीसमोर मधे वाट सोडून दोन्ही बाजूंना समोरासमोर रांगा, एकीकडे पुरुष, एकीकडे बायका. पुढच्या रांगा नामवंतांच्या, त्यांच्यामागे विद्यार्थी, शिक्षक, मग आमच्यासारखे ज्यांना येतं ते. आत्याला बायकांच्या बाजूला बरीच मागे पण बसता येईल अशी जागा मिळाली, तिच्या एका बाजूला एक सत्तरीच्या बाई आणि दुसऱ्या बाजूला विजयवाड्याहून आलेली विशीतली मुलगी. मी खांबाला टेकून उभी.

कॅमेरेवाले मात्र फार झालेत. ट्रायपॉड, ड्रोन, मोबाईल वर धरलेले हात, मागच्यांना काही दिसत नाही, आणि धक्काबुक्की करून समोर जाणारे वेगळेच. आयोजकांनी यावर काहीतरी कडक करायला पाहिजे असं मनापासून वाटतं.

नऊच्या सुमारास आधी बासऱ्या. बासरीवाल्यांचा गट मिळून चेतुलार ही कृती वाजवतो, मांडव हळूहळू शांत झाला. आणि मग नाट.

जगदानंदकारका. पहिला शब्द उठला आणि माझ्या अंगावर अक्षरशः काटा आला, कारण तो आवाज समोरून आला नाही, तो सगळीकडून आला. माझ्या मागून, वरून, खांबातून. या पाचातली ही एकच संस्कृतमध्ये, बाकी चार तेलुगू, आणि हिच्यात रामाची १०८ नावं आहेत. प्रत्येक चरण आधी सरगममध्ये गायचा आणि मग त्याच स्वरांवर शब्द. आत्याचे डोळे मिटलेले, हात तालावर, आणि तिच्या ओठांवर एकही अक्षर मागे-पुढे होत नव्हतं. तिकडे समाधीत त्यागराजांच्या मूर्तीवर अभिषेक चालू, दूध, चंदन, घंटा, धूर. पंचवीस-तीस मृदंगम् एकदम, शिवाय घटम्, खंजिरी, आणि तरी ते कोलाहल होत नाही, कारण प्रत्येकाच्या मांडीवर त्याच आठ मात्रा चालू.

दुसरी गौळ, त्यात त्यागराज स्वतःचे दोष मोजत जातात, एकामागून एक. तिसरी आरभी. तिचा आरोह आपल्या दुर्गासारखा, सा रे म प ध सा, त्यामुळे आत्याचा चेहरा लगेच उजळला, शब्द येत नव्हते तरी सरगम गुणगुणत होती. शेजारच्या सत्तरीच्या बाईंनी आपली वही मधे धरली, पण ती तमिळ लिपीत! मग त्या विजयवाड्याच्या मुलीनं काय केलं, प्रत्येक ओळीचा पहिला शब्द आत्याच्या कानाशी आधी सांगायला लागली, आणि आत्या तो धरून पुढची ओळ इतरांच्या आवाजात मिसळून न्यायची. तेलुगू शब्द, तमिळ मुलूख, मराठी राजांच्या काळातली रचना, आणि मिरजेची आत्या.

चौथी वराळी. हा राग गुरूनं शिष्याला समोर बसवून शिकवू नये, शिकवला तर दोघांत बिनसतं असा त्यांच्याकडे जुना समज आहे. मग शिष्य ती ऐकून ऐकूनच उचलतात. स्वर अवघड, तीव्र मध्यम आणि दोन्ही ऋषभ जवळजवळ असल्यासारखे, आपल्या कानाला आधी टोचतात. नंतर त्याच टोचण्यात इतकी आर्तता भरलेली सापडते की दुसरं काही नको वाटतं. शब्दांत तर फक्त रामाचं रूप बघून डोळे कसे तृप्त होतात एवढंच आहे. या कृतीला आत्या गप्प बसली. नुसती ऐकत.

आणि शेवटी श्री. आपल्या श्रीशी याचा काही संबंध नाही, संध्याकाळचं गांभीर्य नाही यात, आरोह मधमाद सारंगासारखा, मोकळा, प्रसन्न. जगात जेवढे थोर आहेत त्या सगळ्यांना माझा नमस्कार, एवढाच आशय. हे शब्द शेकडो माणसं एकमेकांकडे तोंड करून गातात. बसायची रचनाच तशी आहे, पुरुषांच्या समोर बायका, गुरूंच्या समोर शिष्य. नमस्कार म्हणताना समोर माणूसच दिसतो. नागरत्नम्मांना मागच्या दाराशी बसवणारे लोक हीच कृती गात होते, हे त्या क्षणी मला फार लागलं, आणि त्याच वेळी बायकांच्या रांगा बघून छाती भरून आली.

संपल्यावर आत्या उठेचना. पाय आखडले होते म्हणाली. त्या सत्तरीच्या बाईंनी स्वतःच्या डोक्यातला मोगऱ्याचा अर्धा गजरा तोडून आत्याच्या अंबाड्यात खोवला आणि तमिळमध्ये बरंच काही बोलल्या. आत्या मराठीत बोलली. दोघींचं व्यवस्थित चाललं होतं.

संध्याकाळी परत गाणं, मग रात्री मिरवणूक आणि शेवटी आंजनेय उत्सव, मारुतीरायाशिवाय रामभक्ताचा उत्सव संपणार कसा. आम्ही थकलो होतो पण थांबलो.

षष्ठी

गाडी रात्रीची, म्हणून दिवसा सरस्वती महाल. तंजावरच्या वाड्यातलं हे ग्रंथालय, संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितं, मोडी कागदपत्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे. संग्रहालयात थोडंच दाखवलेलं असतं पण तेवढ्यानंही समाधान होतं. शहाजीराजे, म्हणजे व्यंकोजींचे चिरंजीव, यांनी मराठी आणि तेलुगूत नाटकं लिहिली, आपल्याकडे संगीत नाटक सुरू व्हायच्या दीडशेहून जास्त वर्षं आधी. तंजावरचेच राजे प्रतापसिंह यांच्या दरबारात मुद्दुपळनी नावाची कवयित्री होती, तिनं तेलुगूत राधिकासांत्वनम् हे काव्य लिहिलं. ते १९१० मध्ये जसंच्या तसं परत छापून आणलं कुणी, तर याच नागरत्नम्मांनी. एका बाईनं मोकळेपणानं लिहिलंय म्हणून सरकारनं बंदी घातली. मराठी राजाच्या आश्रयाला असलेल्या कवयित्रीसाठी नागरत्नम्मा भांडल्या, त्यागराजांच्या समाधीसाठी त्याच भांडल्या. आपल्या शाळेच्या पुस्तकात तंजावरवर दोन ओळी असतात, त्यात यांचं नाव असायला पाहिजे.

आणि कीर्तन. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर बुवांसारखे मराठी कीर्तनकार तंजावरला आले, त्यांचं ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथा घडवली, त्यात आपली साकी, दिंडी, ओवी अजून गातात. आत्याला हे कळल्यावर तिनं तिथंच बाकावर बसून भजनी मंडळाच्या ग्रुपवर चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकला.

दुपारी त्या विजयवाड्याच्या मुलीचा पण मेसेज आला. वराळी शिकवणार नाही म्हणाली, पण तिच्या गुरूंच्या वर्गातलं रेकॉर्डिंग पाठवलंय, ते ऐका. आत्यानं इअरफोन लावले ते गाडीत बसेपर्यंत काढले नाहीत.

कुणाला जायचं असेल तर, इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते, जानेवारीत किंवा फार तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला येते, पंचांगात पौष वद्य पंचमी बघून तिकिटं काढा. राहायला तंजावर बरं, तिरुवैयारूत सोय कमी. पंचमीला सहाच्या आत मांडवात पाहिजे. पाचातली एक तरी कृती पाठ करून जा, नाटातली आधी घ्या, संस्कृत असल्यामुळे शब्द लवकर बसतात, आणि बसायला पातळ सतरंजी न्या कारण खाली चटईखाली वाळू असते.